इंजिन घेतलं, चिलर नाही

आमच्या प्लान्टमध्ये शिफ्ट बदलण्याची एक रीत आहे. जाणारा खुर्चीत बसून राहतो. येणारा आधी इंजिनांभोवती फेरी मारतो, मग पॅनेल बघतो, मग लॉगबुक स्वतःकडे ओढतो आणि तोंडानं म्हणतो, "घेतलं." त्यानंतर सही करतो. सही झाली की जाणाऱ्यानं उठायचं. येणाऱ्यानं सही केली नाही तर उठायचं नाही, मग घरी काहीही होवो. हा नियम कोणत्याच कागदावर नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

सात वर्षं माझ्या बाबतीत या रीतीला एक शेपूट होतं. येणारा म्हणायचा, "इंजिन घेतलं, चिलर नाही घेतला." आणि मी बसून राहायचो.

प्लान्ट काय करतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही विमानतळाला वीज आणि उष्णता देतो. गॅस टँकरमधून येतो, अतिशय थंड द्रवाच्या रूपात. आवारात त्याचा पुन्हा वायू करायचा आणि तो इंजिनांना द्यायचा. इंजिनांवर वीज तयार होते. त्यांच्या धुरासोबत जी उष्णता बाहेर जाते ती आम्ही धरतो. थोडी गरम पाण्यासाठी, विमानात जाणारं जेवण जिथं बनतं त्या स्वयंपाकघराला. बाकीची सगळी चिलरला. नागपुरात उष्णता कोणाला हवी आहे? आम्ही तिच्यापासून गारवा करतो. चिलरमधून थंड पाणी निघतं, ते जमिनीखालच्या पाइपांतून टर्मिनलला जातं आणि तिथं बसलेल्या माणसांना हवा थंड लागते.

हे मी एकदा आईला समजावून सांगितलं होतं. तास गेला. चित्रसुद्धा काढलं. शेवटी ती म्हणाली, "जाळावर पाणी थंड होते म्हणतं. होत असन बाप्पा, तू शिकला आहे."

शिकलो आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. रामटेककडचं गाव, धानाची शेती, चौथीपर्यंत शिकलेले बाबा. मी नागपूरला येऊन इंजिनीयर झालो आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. अभिमान आहे. पण याच अभिमानानं मी एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी.

चिलरच्या पोटात मिठासारख्या क्षाराचं दाट पाणी फिरत असतं. ते गरम आहे तोवर ठीक. इंजिन अचानक बंद पडलं आणि ते दाट पाणी झपाट्यानं थंड झालं, की त्याचे खडे होतात. आम्ही म्हणतो, मीठ बसलं. एकदा बसलं की ते वितळवायला अख्खा दिवस जातो. तोवर टर्मिनलवर विजेवरची जुनी मशीन कशीबशी अर्धी गरज भागवते आणि आमच्या फोनला उसंत नसते. पॅनेलला हे सगळं कळतं, पण उशिरा कळतं. सुरुवातीच्या वर्षी कंपनीचा एक सर्व्हिसवाला तीन दिवस आला होता. त्याच्यामागं मी सावलीसारखा फिरलो, त्याची हत्यारं उचलली, त्याला तर्री-पोहे खाऊ घातले. तिसऱ्या दिवशी त्यानं मला दाखवलं की कोणता पंखा आधी बंद करायचा, धूर किती वळवायचा, कोणता पंप काही झालं तरी थांबू द्यायचा नाही आणि मागच्या बाजूच्या वळणाच्या पाइपावर उघडा हात ठेवून मीठ बसायला लागलं की नाही हे कसं ओळखायचं. पाइप कोमट असेल तर ठीक. मीठ बसून वाट अडली की गरम पाणी याच पाइपाकडे वळतं, म्हणून हात काढून घ्यावासा वाटला तर वेळ थोडा उरला.

हे मी डायरीत लिहिलं आणि डायरी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बरोबरचे विचारायचे, "कसं करतं गा तू हे?" मी म्हणायचो, "अनुभवानं येते." दुसरे तिघे डिप्लोमावाले, मी डिग्रीवाला. आमच्या खुर्च्या सारख्या, पगारात फारसा फरक नाही, शिफ्टही सारख्याच. मग माझी डिग्री दिसणार कुठं? चिलरजवळ दिसायची. चिलर बिघडला की मॅनेजर साहेब माझ्या नावानं हाक मारायचे. ते म्हणायचे, "तू हाये म्हणून मी घरी बसून जेवतो बाप्पा." मला ते ऐकायला आवडायचं.

एवढ्या आवडीचे परिणाम असे झाले की दुपारी दोनला संपणारी माझी शिफ्ट पाच-सहाला संपू लागली. चिलर जरा डळमळीत वाटला की येणारा चिलरवर सही करायचा नाही. सुट्टीच्या दिवशी फोन. चुलतभावाच्या साक्षगंधाला मी जेवणाच्या पंगती उठल्यावर पोचलो. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन मी मोबाइलवर पाहिलं, तेही दुसऱ्या दिवशी. कंट्रोल रूमला खिडकी नाही. एक जाड काच आहे, तिच्यापलीकडे इंजिनं. बाहेर पडलं की कानाला मफ लावायचे, काढले तर आतला पंख्याचा आवाज. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे मी कधी कधी येणाऱ्याच्या शर्टावरून ओळखायचो. एकदा सलग दोन शिफ्ट झाल्या म्हणून बायको डबा घेऊन गेटवर आली. सुरक्षेवाल्यांनी डबा आत सोडला नाही आणि मला चिलर सोडून गेटवर जाता आलं नाही. वांग्याची भाजी परत घरी गेली. रात्री तीच ताटात वाढत ती म्हणाली, "तुमच्या चिलरलेच घरी घेऊन या. हॉलमधी ठेवू. सोफा काढून टाकतो आपण."

गेल्या वर्षी धानाची रोपं लावायच्या, म्हणजे रोवणीच्या तोंडावर बाबा बांधावरून घसरले आणि घोट्याजवळ हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये. फोनवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

"टोळी बुधवारी येऊन राहिली," ते म्हणाले. "बुधवार, गुरुवार आपला नंबर. मंग त्या बाया पुढच्या गावाले जातीन. पऱ्हे जून होऊन राहिले बापू. हा नंबर हुकला तं औंदा बांध्या तशाच राहतीन."

रोवणीला नुसत्या बाया आल्या म्हणजे होत नाही. चिखलणीला ट्रॅक्टर लागतो, एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातून, दुसरीत पाणी सोडावं लागतं, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या बायांच्या हातापर्यंत पोचवाव्या लागतात. त्यासाठी उभा माणूस पाहिजे. गावात त्या दिवसांत उभा माणूस मिळत नाही, प्रत्येकाच्या बांध्या त्याच पाण्याची वाट बघत असतात. माझी बहीण लांब दिलेली. उरलो मी.

"येतो," मी म्हणालो.

"नक्की सांग. नाही तं मी आतापासूनच दुसऱ्याच्या हातापाया पडतो."

"येतो म्हणलं ना बाबा."

शनिवारी मी बुधवार-गुरुवारचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, पेपरवेटखाली सरकवला.

"दोनच दिवस मागून राहिला, मी नाही कसं म्हणू," ते म्हणाले. "पण चिलर कोण घेते ते पाहून घे. कोणी घेतला तं जा."

माझ्यानंतरच्या शिफ्टला कधी एक वयानं मोठे सहकारी यायचे, कधी एक मॅडम. मोठ्या सहकाऱ्यांना मी त्याच दिवशी विचारलं. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

"इंजिन म्हणशील तं दहा दिवस घेतो," ते म्हणाले. "चिलर तुह्यं लेकरू होय. तूच सांभाळ."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, दादा."

"दोन दिवसांत मीठ बसलं तं माह्यं नाव. न बसलं तं तुह्यं. काहून घेऊ?"

सात वर्षं मीच त्यांना हे शिकवलं होतं. मॅडमना मी विचारलंसुद्धा नाही. हुडकेश्वरहून स्कूटीनं येणारी, दोन मुलांची आई, सकाळची शिफ्ट संपली की शाळेच्या व्हॅनची वेळ गाठायला निघणारी बाई. डिप्लोमा झालेला. मी मनात म्हणालो, हिला काय येणार.

सोमवारी माझी सकाळची शिफ्ट. दीडच्या सुमारास गॅसचा टँकर आला. टँकर रिकामा होत असताना शिफ्टच्या माणसानं नळीजवळून हलायचं नसतं, हा मात्र लिहिलेला नियम आहे. मॅडम लवकर आल्या होत्या. त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवून मी आवारात गेलो. त्यांनी अजून सही केलेली नव्हती, म्हणजे प्लान्ट माझाच होता.

नळीवर पांढरं हिव धरलेलं, मी हातमोजे घालून उभा, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज उतरला. आधी एकाचा. पाठोपाठ दुसऱ्याचा. सात वर्षांत तो आवाज इतका अंगात मुरला होता की थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं.

मी नळी सोडून पळू शकत नव्हतो. आधी टँकरचा व्हॉल्व्ह, मग आमचा, मग नळीत अडकलेला गॅस काढायचा, मग नळी सुटी करायची. घाई केली तर जीव जाईल असं काम. हात आपल्या क्रमानं चालत होते आणि डोक्यात मीठ बसत होतं. आज बसलं तर मंगळवार वितळवण्यात जाईल. बुधवारी चिलर कोणीच घेणार नाही. बाया बांधीवर येतील, बाबा प्लास्टरचा पाय घेऊन बांधावर बसतील आणि मी इथं असेन. फोन खिशात होता. कंट्रोल रूमला लावून सांगता आलं असतं, पंखा बंद करा, पाइपाला हात लावा. पण गॅसच्या आवारात फोन बाहेर काढायचा नसतो. आणि खरं सांगायचं तर, काढता आला असता तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे.

वीसेक मिनिटांनी मी धावत आत आलो. एक इंजिन पुन्हा सुरू होतं. चिलरचा पंप चालू. पंखे बंद. मी थेट मागच्या बाजूला जाऊन वळणाच्या पाइपावर हात ठेवला. कोमट.

मॅडम लॉगबुकात वेळ लिहीत होत्या.

"कोणी केलं हे?"

"आपोआप सावरला, सर."

"आपोआप नाही सावरत तो."

"मंग देवानं केलं असन."

"हात दाखवा."

त्यांनी आधी डावा दाखवला. मग मी बघतच राहिलो म्हणून उजवा. तळव्यावर लाल पट्टा उमटला होता. मोजा घालून पाइप कळत नाही, उघडाच हात लागतो. हे माझ्या डायरीत लिहिलेलं होतं आणि डायरी कुलपात होती.

"कधीपासून येते तुम्हाले?"

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "तुमी पंखा आधी बंद करता, मंग मागं जाता. दोन मिनिटांनी परत. मंग पुन्हा मागं. लॉगबुकात वेळा तं तुमी खऱ्याच लिहिता. त्या वेळा वाचल्या. मागं काय हाये ते जाऊन पाहिलं. मंग एक दिवस चालू चिलरवर हात ठेवून पाहिला."

"मग सांगितलं काहून नाही? इतके दिवस 'चिलर नाही घेतला' म्हणून राहिल्या."

त्यांनी पेन खाली ठेवला.

"सांगून काय करू सर? तुमच्यासारखी बसू?"

मी बाजूची खुर्ची ओढून बसलो.

"ज्याले येते त्यालेच बसवते इथं," त्या म्हणाल्या. "तुमाले पाहूनच शिकली मी हे. दुपारच्या शिफ्टले त्याइचे बाबा घरी राहते, पण माही सकाळची शिफ्ट असली की लेकरं तीन वाजता व्हॅनमधून उतरते. मी नसली तं दाराशी बसते."

मी त्यांना बुधवारचं सांगितलं. बाबांचा पाय, टोळीचा नंबर, सगळं. त्या ऐकत होत्या. मी म्हणालो, "दोन दिवसांपुरता चिलर घ्या. मी कोणाला बोलणार नाही की तुम्हाला येते. मीठ बसलंच नाही म्हणू, नशीब म्हणू."

"दोन दिवसाचे मंग दोन वर्षं होते सर."

"मग?"

"लिहून भिंतीवर लावा. सगळं. आन् उद्या सगळ्याइले बोलावून दाखवा, साहेबाच्या समोर. सगळ्याइले आलं की कोणी एक नाही अडकत. त्या कागदावर माह्यं नाव नको." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुमचंही नको."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. घरी येईपर्यंत झोंबत होतं. हेच एक होतं ना माझ्याजवळ? डिग्री भिंतीवर टांगलेली आहे, ती पाहुणे आले की बघतात. प्लान्टमध्ये माझी ओळख म्हणजे चिलर. ती एका कागदावर लिहून, नाव न घालता, खिळ्याला अडकवायची. म्हणजे उद्यापासून मी चौघांतला एक. मी मनात दुसरे रस्ते शोधले. आजारी पडल्याचं सांगू का? फोन बंद करून निघून जाऊ का? मीठ बसलं तर बसू दे. पण टर्मिनलवर उकाड्यात बसलेली माणसं डोळ्यांसमोर आली, आणि त्याहून जास्त ती सही न झालेली लॉगबुकची ओळ. माझ्यानं ते होणार नव्हतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डायरी उघडली आणि लिहायला बसलो. नीट, क्रमानं, मराठीत, म्हणजे कोणालाही वाचता येईल. मला वाटलं होतं दहा-बारा पानं होतील. लिहून संपलं तेव्हा दीड पान झालं होतं. मी पुन्हा वाचलं, काही राहिलं का बघितलं. काही राहिलं नव्हतं. बायकोनं खांद्यावरून वाकून वाचलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. म्हणून जास्त लागलं.

मंगळवारी माझी शिफ्ट संपायच्या तासभर आधी साहेबांसकट सगळे चिलरच्या मागं उभे होते. मी कागद वाचला, एकेक गोष्ट दाखवली, मग प्रत्येकाला मोजा काढून पाइपावर हात ठेवायला लावला. मोठे सहकारी हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, देवळातल्या खांबाला टेकावं तसे.

"सुखात होतो ना गा आमी," ते म्हणाले. "काहून शिकवून राहिला?"

मॅडम सगळ्यांत मागं होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी डावा हात ठेवला आणि नवख्या माणसासारखी मान हलवली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "दुसरीकडे लागली का नोकरी?"

"नाही साहेब."

"मंग हे कशाले वाटून राहिला? खरं सांगजो."

"रोवणी आहे," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण अर्जावर सही केली.

दोन वाजता मी खुर्चीत बसलो होतो. मॅडमनी फेरी मारली, पॅनेल पाहिलं, लॉगबुक ओढलं. "इंजिन घेतलं," त्या म्हणाल्या. मग कंट्रोल रूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चिलर घेतला." सही केली. मी लगेच उठलो नाही. पाय उठायची रीत विसरले होते. त्या बाजूला उभ्या राहून वाट बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "खुर्ची द्या सर."

बुधवारी सूर्य वर यायच्या आधी मी बांधीत होतो. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पऱ्ह्यांच्या पेंड्या. कॉलेजनंतर मी बांधीत उतरलो नव्हतो. पहिल्या तासात दोनदा घसरलो आणि बायांना हसायला विषय मिळाला. बाबा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, प्लास्टरचा पाय पोत्यावर, आणि कोणती पेंडी कुठं टाकायची ते तिथून ओरडून सांगत होते. दुपारी भाकरी सोडायला बाया बांधावर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा माहा पोरगा. विमानतळाचं सगळं थंड करते. याच्यावाचून तिथं एक दिवस चालत नाही."

मला त्या बोलण्यानं कुठंतरी लपावंसं वाटलं. टोळीतली एक वयस्कर बाई कांदा फोडता फोडता म्हणाली, "मंग आज तिथं गरम होऊन राहिलं असन गा भाऊ? तू तं इथं हाये."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बाबाही. होय म्हटलं असतं तर बाबांचा शब्द राहिला असता.

"नाही मावशी," मी म्हणालो. "तिकडे एक मॅडम आहेत. त्यांना येते. आता सगळ्यांनाच येते."

बाबा चटणीच्या बोटानं भाकरीचा तुकडा ताटात फिरवत होते. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

"म्हणजे तुह्यावाचून अडत नाही तिथं," ते म्हणाले.

"नाही अडत."

"मंग वरच्या बांध्या राहिल्या आहे. टोळी गेली तं जाईन, त्या आपण घरचेच लावू; पुढच्या आठवड्यात त्याइलेही ये. आन् पाय बरा होत पावतर आयतवारी येत जाजो."

इतकी वर्षं गावाला न येण्याचं माझ्याजवळ एकच कारण होतं: चिलर. बहुतेकदा ते खरं असायचं. काही वेळा नसायचं, ते फक्त मला माहीत होतं. आता सांगायला काही उरलं नव्हतं. मी हो म्हणालो, हात धुतले आणि पुढच्या बांधीत पाणी सोडायला फावडं घेऊन निघालो.